समुद्राच्या तळाची कणी

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमची लेक दुर्गा घरी आली ती हळदीसारखी पिवळी होऊन. डोळे पिवळे, नखं पिवळी. बदनापूरच्या फलाटावर ह्यांनी तिला धरून गाडीतून उतरवलं, तर ती बापाला म्हणते, "दादा, माझं राहू द्या. आधी खोकी उतरवा. आडवी करू नका बिलकुल."

दोन लाकडी खोकी होती. घरी आणून ओसरीवर ठेवली आणि झाकणं उघडली, तर भुशात बसवलेल्या चोवीस काचेच्या बरण्या. प्रत्येकीत चिखल आणि चिखलावर गुलाबी पाणी. एका बरणीचं झाकण सैल झालं होतं. त्यातून असा उग्र वास आला की केशरआक्का पदर नाकाला लावून मागे सरल्या.

"इतकं शिकून पोरीनं आणलं काय, तर चिखल," आक्का म्हणाल्या. "आपल्या शेतात कमी होता व्हय?"

केशरआक्का ह्यांच्या थोरल्या बहीण. कपाळ पांढरं झाल्यापासून आमच्याकडेच असत. जीभ तिखट, पण घरातलं निम्मं काम त्यांच्याच हातावर चालायचं.

साल शहात्तरचं. दुर्गा प्राणिशास्त्र शिकत होती आणि औरंगाबादच्या तिच्या सरांनी तिला वर्षभरासाठी रत्नागिरीकडे धाडलं होतं. तिथल्या एका लहानशा उपसागराच्या तळाशी चिखलात जे बारीक जीव राहतात, ते ऋतूप्रमाणे कसे बदलतात, हा तिच्या प्रबंधाचा विषय. कार्तिकात, पौषात, वैशाखात आणि शेवटी नारळी पौर्णिमा झाल्यावर श्रावणात ती कोळ्याच्या होडीतून गेली. दोरीला बांधलेला लोखंडी जबडा पाण्यात सोडायचा, तो तळाचा घास घेऊन वर येतो. तो चिखल चाळणीवर धुवायचा आणि उरेल ते बरणीत भरायचं. सहा ठिकाणं, चार ऋतू, चोवीस बरण्या. श्रावणात भिजली म्हणून म्हणा की तिथल्या पाण्यानं म्हणा, शेवटची बरणी भरली आणि पोरीला कावीळ झाली.

डॉक्टरांनी सांगितलं, सहा आठवडे पडून राहायचं, वाचायचं-लिहायचं नाही. इकडे सर निवृत्त झालेले, आणि दसऱ्यानंतर ते कायमचे आपल्या गावी जाणार होते. त्यांच्यामागे ह्या विषयातलं कळणारं तिथे दुसरं कुणी नव्हतं. दसऱ्याच्या आत त्यांच्या हातात आकडे पडले नाहीत, तर पोरीचं वर्ष त्या बरण्यांतच राहणार होतं.

ती भिंतीकडे तोंड करून पडून राही. रडण्याचा आवाज नसे, गोधडी तेवढी हलायची. गौरी गेल्या त्या दिवशी मी तिच्याजवळ बसले.

"त्या बरण्यांचं करायचं काय असतं गं?"

"निवडायचं असतं, आई. चिखलातून जीव वेगळे काढायचे, जातीजातीचे वेगळे करायचे, मंग मोजायचे."

"एवढंच?"

"एवढंच काय! केसाएवढाले असतात. डोळ्यांचं काम आहे ते."

"मंग तांदूळ निवडायला काय कान लागतात?"

पोर बऱ्याच दिवसांनी हसली.

त्या चातुर्मासात माझी महादेवाला तांदळाची लाखोली चालू होती. आषाढी एकादशीला धरली होती. पहाटे अंघोळ करायची, मुंग्यांना चिमूटभर पीठसाखर घालायची आणि मग देवापुढे बसून नाव घेत एकेक दाणा वाहायचा. रोज हजार, शंभर दिवसांत लाख. दहा दाण्यांची ओळ, दहा ओळी झाल्या की एक चिंचोका बाजूला. एक दिवस खंड पडला तरी पुन्हा एकापासून, अशी आमच्या घराण्याची रीत. आणि दाणा अख्खा हवा. तुटक्या दाण्याला अक्षत म्हणत नाहीत. रेशनच्या तांदळात निम्मी कणीच निघायची. ती मी वेगळी काढून ठेवत असे, मोजत नसे.

तर ठरलं असं, की सकाळी तांदूळ आणि दुपारी समुद्र.

पहिली बरणी उघडण्याआधी मी दुर्गेला विचारलं, "हे जीव मेले कशानं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "मीच मारले, आई. बरणीत औषध घालते, त्यानं मरतात. मंग गुलाबी रंग घालते. तो फक्त जिवाला चढतो, चिखलाला चढत न्हाई. म्हणजे ओळखू येतात."

मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून खाली बघून चालायची मला सवय. मी बरणी उजेडात धरून पाहिली.  मग मी म्हटलं, "आता मारलेच आहेत, तर एकही विसरायचा न्हाई."

"न्हाई विसरायचा," ती म्हणाली.

जुनेर नेसून मी ओसरीवर बसे. बरणीतला थोडा चिखल मलमलीच्या फडक्यावर घ्यायचा, औषधाचा वास जाईपर्यंत धुवायचा आणि पांढऱ्या थाळीत स्वच्छ पाण्यात पसरायचा. हातात बारीक कुंचला. हे शेती संशोधन केंद्रावर तुरीच्या वाणांवर देखरेख करायचे. बियाणं तपासायचं भिंग त्यांनी तिथल्या साहेबांना विचारून आणून दिलं होतं. दिवेलागणीला मी पुन्हा अंघोळ करी. आक्का विहिरीवर कुरकुरायच्या, "देवघरात उदबत्ती, ओसरीवर मुडद्यांचा वास. महादेवाला कळंना झालंय, इकडं तोंड करावं का तिकडं!"

पहिल्या दिवशी मला चिखलाशिवाय काही दिसेना. मग पाणी निवळलं आणि एक गुलाबी धागा हलला. मेलेला कसा हलेल? माझाच श्वास पाण्याला लागला होता. मी भिंग धरलं.

काय सांगू. तो धागा नव्हता. केसाएवढं अंग, पण त्याला मण्यांच्या माळेसारखे पेर. प्रत्येक पेराला दोन्ही बाजूंनी बारीक केसांचे झुबके, आणि ऊन पडलं की ते केस जरीसारखे चमकायचे. आधी हिरवे, मान कलती केली की निळे. मी भिंग खाली ठेवलं आणि नुसती बसून राहिले. समुद्राच्या बुडाशी, काळ्या चिखलात, जिथं ऊन पोचत नाही आणि बघायला कुणी जात नाही, तिथं हे जरीचं काम कुणासाठी विणलं असेल?

"दुर्गे," मी आत हाक मारली, "ह्यांना माहीत असतं का गं, आपण असे दिसतो म्हणून?"

"डोळेच नसतात त्यातल्या कैकांना," ती पडल्या पडल्या म्हणाली.

आक्का दारात उभ्या होत्या. "डोळे न्हाईत तर न्हाईत. पाठीचा कणा तरी हाय का?"

"न्हाई आक्का. बिनकण्याचेच जीव आहेत हे सगळे."

"मंग उभे कसे ऱ्हातात?"

"त्यांना उभं राहायचंच नसतं."

"लई सुखी म्हणायचे," आक्का म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्यांची शास्त्रातली नावं माझ्या जिभेला वळेनात. मग मी आपली घरातली नावं दिली. माळेचे ते शेवया. नखाएवढे दोन पाकळ्यांचे शिंपले ते नखुले. एक जात होती, दोन्ही टोकांना निमुळती, अगदी उखळीत निघालेल्या गव्हासारखी, तिला गव्हले. वाकून बसलेली, पुष्कळ पायांची ती पिसवा. आणि एकच एक, पौषाच्या बरणीत निघालेली, पाच हातांची, तीळभर टिकली मध्ये असलेली, तिला मी चांदणी म्हटलं. लग्नाआधी बायका बसून खिरीसाठी नखुले-गव्हल्यांचं वळवट करतात, तसं ते बशीबशीत वेगळं होत गेलं. दुर्गा चेष्टा करायची, "आई, सरांना लिहू का, चार नखुले अन् दोन गव्हले, खिरीपुरते?"

मला एक गोष्ट उमगत नव्हती. "खाली तर सगळं पाणीच," मी म्हटलं. "मंग तिथं पावसाळा आला हे कळतं कसं?"

ती उशीला टेकून बसली. हे सांगताना तिचा आवाज नेहमी बदलायचा. "पाऊस पडला की नद्या गोडं पाणी अन् गाळ आणून टाकतात. समुद्राचं मीठ पातळ होतं. ज्याचं सगळं आयुष्य खारट पाण्यात गेलं, त्याच्या अंगाला ते बराबर कळतं. जसं आपल्याला ऊन कळतं ना, तसं त्यांना मीठ कळतं."

त्या रोजी मी जेवताना भाकरीवरच्या मिठाकडे बघत राहिले. चातुर्मासात मी एकदाच जेवायची. तेही त्या दिवशी थंड झालं.

कार्तिकातल्या बरण्या म्हणजे लग्नघर. एका थाळीत पंधरा पंधरा जाती, पुष्कळशा अगदी बारक्या, जणू पोरंबाळंच. पौषात तेच जरा मोठे झालेले. वैशाखात शिंपले भरदार, शेवया लांब. आणि मग श्रावणाच्या सहा बरण्या आल्या. पहिलीत चौदा जीव. दुसरीत नऊ. पुढच्यांत बावीस, अकरा, सतरा आणि वीस. सहा बरण्यांत मिळून त्र्याण्णव. वैशाखाच्या एकेका बरणीत ह्याच्या दुप्पट होते.

दुर्गा ऐकून उशीवरून उठून बसली. मग म्हणाली, "म्हणजे पावसाळ्यात तळ रिकामाच होतो की. मला वाटलं होतं कमी होतील, पण इतके?"

सर्वपित्री अमावास्या होती. शाळेला सुट्टी, म्हणून उषाबाई आल्या होत्या. त्या गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायच्या. दुर्गेला पहिल्यांदा गांडूळ उघडून दाखवलं ते त्यांनीच. पोरीला लिहायची बंदी, म्हणून सरांना पाठवायचे आकडे उषाबाई आपल्या अक्षरात उतरून घेत होत्या. ओसरीच्या कडेला, पायरीजवळ बसल्या होत्या. त्या बौद्ध. कैक वर्षं त्या येत, पण पायरीच्या आत आम्ही कधी या म्हटलं नव्हतं आणि त्या कधी आल्या नव्हत्या.

"लिहा बाई," दुर्गा आतून सांगत होती. "श्रावणात तळ जवळजवळ निर्जीव होतो."

तेवढ्यात हे बैलगाडी जुंपून आले. निवडून झाल्यावर जो चिखल उरे, तो मी ज्याच्या त्याच्या बरणीत परत भरून ठेवत असे. समुद्राचा ठेवा उकिरड्यावर टाकवेना. अमावास्येला दुधना नदीच्या पाण्यात सोडावा असं मी ठरवलं होतं. ह्यांनी पहिलं खोकं उचललं.

"हे काय घेऊन चालले अप्पाराव?" उषाबाईंनी विचारलं.

"उरलेला गाळ," मी म्हटलं. "गाळ अन् कणी."

त्यांचा हात थांबला. "कणी? कसली कणी?"

"तुटके असतात ना त्यात. अर्धे, पाव. अख्खे मी मोजले, तुटके गाळात ठेवले."

"किती होते तुटके?"

"ते कोण मोजतं, बाई? कणीच ती."

उषाबाईंनी लेखणी खाली ठेवली. आतून दुर्गा उठून आली, भिंतीला धरत. तिचा चेहरा पिवळ्याचा पांढरा झाला होता. "आई! श्रावणात होडी हलून राह्यल्ती. मी घाईत चाळणीवर जोरात पाणी मारलं. सगळ्या शेवया तुटल्या असतील. तुटला तरी जीव एकच असतो ना! डोकं मोजायचं असतं. तोंडाकडचं टोक असलं की एक."

 आयुष्यभर जे बाजूला सारत आले तेच मी इथं केलं होतं. देवाच्या कामात जे बरोबर, ते इथं चूक असेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

"तुमच्या देवाला अख्खंच लागतं व्हय, गिरिजाबाई?" उषाबाई म्हणाल्या. हसत म्हणाल्या, टोचून नाही. मग जरा थांबून म्हणाल्या, "तुटका म्हणून मोजणीत धरायचा न्हाई, हे आम्हाला नवं न्हाई म्हणा."

मी मान खाली घातली. ह्यांनी खोकं हळूच जमिनीवर ठेवलं आणि बैल सोडले.

"दिवस किती हायेत?" ह्यांनी विचारलं.

"खंडेनवमीला सरांच्या हातात द्यायचं," दुर्गा म्हणाली. "उद्यापासून आठ दिवस. चोवीस बरण्या. अन् श्रावणाच्या तर… न्हाई होणार दादा. जाऊ द्या आता."

रोज तीन बरण्या. पहाटेपासून मावळतीपर्यंत बसलं तरच होण्यासारखं होतं, आणि माझ्या सकाळच्या तीन घटका लाखोलीत जात.

संध्याकाळी मी देवापुढे बसले. अठ्ठ्याहत्तर हजार झाले होते. आणखी बावीस दिवस आणि लाख पुरा. मी निरांजन लावलं आणि देवाला सांगितलं, उद्या मी येणार नाही. नवस फेडायला माणूस जसं खणखणीत बोलतं तसं बोलायचं होतं, पण आवाज निघाला तो पुटपुटल्यासारखा.

आक्कांनी ऐकलंच. "गिरिजे! किड्यांसाठी महादेवाला थांबवतीस?"

"आक्का, तो थांबंल. सर थांबायचे न्हाईत."

त्यांनी निरांजनाची वात तेवढी पुढं सारली आणि आत गेल्या. 

सकाळी घट बसले आणि मी ओसरीवर बसले. थोड्या वेळानं उषाबाई आल्या. त्यांनी शाळेतून चार दिवसांची रजा काढली होती, पुढे दुपारनंतर येणार होत्या. पायरीपाशी थबकल्या. मी चटईवर सरकून जागा केली. "या, उजेड इकडं आहे," म्हटलं. एवढंच म्हणायला मला किती वर्षं लागली, ते मी नंतर मनाशी मोजलं. त्या आत आल्या आणि त्याच थाळीत कुंचला घेऊन बसल्या. आक्कांनी त्या दिवशी चहा आणला तो त्यांच्यासाठी काचेच्या पेल्यात, वेगळा. उषाबाईंनी तो घेतला. तिसऱ्या दिवशी तिन्ही कपबशा एकाच तबकात आल्या. आक्का जणू रोज असंच होतं अशा थाटात गेल्या.

दुर्गेला डॉक्टरांनी तासभर बसायची मुभा दिली होती. तिनं आम्हाला डोकं ओळखायला शिकवलं. शेपटीचं टोक बोथट. तोंडाच्या टोकाला दोन बारीक मिशा आणि पुढचा पेर मोठा, पगडीसारखा.

"तोंड असंल तोच मोजणीत," आक्का मागून वाकून बघत म्हणाल्या. "म्हंजे माणसासारखंच झालं की!"

"मंग तुम्ही दोनदा मोजल्या जाणार, आक्का," हे अंगणातून म्हणाले. त्या दिवशी आक्कांनी त्यांना सकाळचीच भाकर वाढली.

कार्तिक, पौष आणि वैशाखाच्या बरण्यांत कणी थोडीच होती, त्या तीन दिवसांत उरकल्या आणि आकड्यांत थोडी थोडी भर पडली. चौथ्या दिवशी श्रावणाची पहिली बरणी थाळीत ओतली. तीच बरणी, जिच्यात मी चौदा जीव मोजले होते.

पाणी निवळलं. मी भिंग धरलं आणि कणीकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. सगळा तळ गुलाबी होता. मी ज्याला तंतू, तुकडे, कचरा समजून परत भरलं होतं, ते एकेक उचलून बघितलं, तर मिशा होत्या, पगडी होती. एक. आणखी एक. बशीत ठेवता ठेवता उषाबाईंचं शंभर झालं, माझं शंभर झालं. एकट्या त्या बरणीत तीनशे शहाऐंशी. तिसरीत चारशे चौदा. सहा बरण्यांत मिळून दोन हजार तीनशेच्या वर डोकी निघाली, आणि त्यांतली फारच थोडी सोडली तर सगळी एकाच जातीची. शेवयांतली सर्वांत बारीक जात. कार्तिकात ती दहा-वीसच निघाली होती, कुठं तरी कोपऱ्यात असल्यासारखी.

दुर्गा थाळीवर वाकली.  "रिकामा न्हाईच," ती म्हणाली, आपल्याशीच बोलल्यासारखी. "बाई, तळ रिकामा होतच न्हाई. बाकीच्यांना गोडं पाणी सोसत न्हाई. कुणी मरतं, कुणी निघून जातं. अन् ही एवढीशी, ही सोसते. जागा मोकळी झाली की ही सगळीकडं होते."

"अन् पावसाळा सरल्यावर?" मी विचारलं.

"पाणी पुन्हा खारं झालं की बाकीच्यांची पिल्लं वरून तरंगत येतात. मंग ही कमी कमी होत जाते."

मी खाली पाहिलं. नजर जाईल तिथं त्या इवल्या पगड्या. श्रावणात मी देवळात घंटेचा आवाज ऐकत होते, इथं ओढ्यांना पूर आले होते, आणि तेव्हाच तिकडे दोन दिवसांच्या वाटेवर, गढूळ पाण्याखाली, हा सगळा मेळा भरलेला होता. कुणाला पत्ता नाही. मला वाटायचं, देवाचं करणं म्हणजे डोंगर, चंद्र, सूर्य. मोठं तेवढंच त्याचं. आता माझ्या बोटाच्या पेराएवढ्या पाण्यात ते मावेना.

मोजताना माझे ओठ हलत होते. उषाबाईंनी दोन दिवस ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "गिरिजाबाई, तुम्ही आकडे मोजता का नाव घेता?"

मी दचकले. प्रत्येक डोक्याला मी शिवाचं नाव घेत होते. हाताला आणि ओठांना तीच सवय. "चुकतंय का काही?" मी विचारलं.

"आकडा बराबर येतोय. मंग चुकलं कुठं?" त्या म्हणाल्या आणि पुढचं डोकं उचललं.

हे लाखोलीत धरावं असं माझ्या मनात एकदा आलं. नाही धरलं. ती मोडली ती मोडलीच. पुढच्या आषाढीला मी पुन्हा एकापासून सुरुवात केली.

अष्टमीला दुपारी शेवटची थाळी रिकामी झाली. उषाबाईंनी तक्ता तयार केला. आडवे ऋतू, उभ्या जाती, शास्त्रातल्या नावांनी. खालच्या कोपऱ्यात दुर्गेनं त्यांच्याकडून बारीक अक्षरात माझी नावंही लिहून घेतली, तपासताना घोटाळा नको म्हणून. खंडेनवमीला पहाटेच्या गाडीनं हे तिला घेऊन औरंगाबादला गेले. निवडलेले जीव छोट्या छोट्या बाटल्यांत घालून तिनं मांडीवर धरले होते.

तो दिवस मला फार मोठा गेला. घटाची माळ बांधताना दोनदा फुलं सांडली. आक्का म्हणाल्या, "सुनेच्या बाळंतपणाला बसल्यासारखी काय बसलीस?" आणि स्वतःच दर घटकेला दारात जाऊन रस्त्याकडं बघून येत होत्या.

दिवस कलल्यावर टांगा आला. दुर्गा उतरली. थकली होती, पण उतरताना तिनं कुणाचा हात धरला नाही.

"झालं?" आक्कांनी दारातूनच विचारलं.

"आधी पाणी द्या, मंग सांगते."

सरांनी तक्ता बघितला आणि श्रावणाच्या रकान्यावर बोट ठेवलं. इतकी डोकी निघणं शक्य नाही, म्हणाले. कुणीतरी तुकडे मोजलेत. त्यांनी तिसऱ्या बरणीची बाटली मागून घेतली आणि आपल्या मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः मोजायला बसले. दुर्गा समोर उभी. ह्यांनी म्हणे तोवर टोपी काढून तीनदा घातली.

"चारशे अकरा आले सरांचे," दुर्गा म्हणाली. "म्हणाले, तीन जास्त धरलेत. मी म्हटलं, सर, पुन्हा एकदा बघता का? एवढ्या मोठ्या माणसाला असं म्हणू नये. पण म्हटलं."

"मंग?"

"पुन्हा मोजले. चारशे चौदा."

आक्कांनी टाळी वाजवली. ह्यांनी मला बघून नुसती मान हलवली.

"सरांनी विचारलं, कुणी मोजलं? मी म्हटलं, माझ्या आईनं अन् आमच्या उषाबाईंनी. बाई शिकलेल्या आहेत, आई चौथी पास. ते बराच वेळ सूक्ष्मदर्शकातच बघत राहिले. मंग म्हणाले, मी तीस वर्षं हे काम केलं, पावसाळ्याचा तळ मला कायम ओसाड वाटत आला. माझ्या जुन्या बरण्या तुमच्या मातोश्रींकडं पाठवल्या तर चालतील का? अन् तक्त्यावर सही केली."

मी देवघराकडे गेले आणि हात जोडून उभी राहिले. मागायचं काही उरलं नव्हतं, म्हणून नुसतीच उभी राहिले. परत आले तर दुर्गा ओसरीवर खांबाला टेकून बसली होती आणि आक्का तिच्याशेजारी, सूप मांडीवर घेऊन. सुपात तुरीची डाळ होती, पण हात थांबला होता.

"आत्ता गं?" आक्का विचारत होत्या. "आत्ता ह्या घडीला तिथं काय चालू असंल?"

दुर्गेनं डोळे मिटले. "आत्ता आश्विन. नद्या उतरल्या असतील. पाणी खारं व्हायला लागलं असंल. पिल्लं खाली यायला लागली असतील. शिंपल्यांची, पिसवांची, सगळ्यांचीच."

"लई असतील?"

"मोजता येणार न्हाई इतकी."

"अन् दिसतात कशी?"

"दिसतच न्हाईत, आक्का. काचेसारखी आरपार असतात. नुसती पाण्याबरोबर येतात, तळाला टेकून बघतात, जागा न्हाई रुचली तर उठून पुढं जातात. रुचली की बसतात."

अंगणातलं ऊन भिंतीवर चढलं होतं. संशोधन केंद्राच्या बाजूनं तुरीच्या फुलांचा वास येत होता. मी उभीच होते.

"आवाज होत नसंल, न्हाई?" आक्का हळूच म्हणाल्या.

"न्हाई," दुर्गा म्हणाली. "बिलकुल न्हाई."

आक्कांनी सूप हळूच, आवाज न करता, खाली ठेवलं.